ओळखीच्या शब्दांपासून सावध: जुन्या वर्तमानपत्रांतली मराठी वाचताना

प्रश्न थोडक्यात असा: शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची मराठी वर्तमानपत्रं वाचायला घेतली की पानोपानी शब्द अडतात. हे शब्द आले कुठून, त्यांचे अर्थ कधी आणि कसे बदलले, आणि आज ते शोधायचे कसे?

जो शब्द अडतो त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. 'डिंगमार' किंवा 'ग्रामण्य' दिसलं की माणूस थांबतो, कोश उघडतो, चार लोकांना विचारतो. खरा घात करतात ते 'कामगार', 'राजीनामा', 'मजकूर' यांच्यासारखे रोजच्या वापरातले शब्द. तिथे कोणी थांबत नाही. वाक्य बिनबोभाट वाचून होतं आणि चुकीचा अर्थ टिपणवहीत जाऊन बसतो. म्हणून आधी या दुसऱ्या जातीच्या शब्दांबद्दल.

'कामगार' घ्या. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यात सरकारी खात्यांतले युरोपियन कामगार ऐषआरामात दंग असतात आणि त्यामुळे त्यांच्या हाताखालच्या ब्राह्मण कामगारांचं फावतं, अशी तक्रार पुन्हापुन्हा येते. आजच्या वाचकाला ऐषआरामी कामगार म्हणजे काय ते कळेनासं होतं. फुल्यांच्या काळी कामगार म्हणजे सरकारी अंमलदार, अधिकारपदावरचा माणूस. मराठी 'काम' आणि करणारा या अर्थाचा फारसी 'गार' मिळून झालेला शब्द, आणि ते काम म्हणजे मुख्यतः दरबारी काम. अंगमेहनत करणारा तो मजूर, बिगारी, हमाल. हा जुना अर्थ आजही 'कामगिरी'त शिल्लक आहे. पोलीस अधिकाऱ्याला 'कामगिरीवर' पाठवतात, 'मजुरीवर' नाही.

यातली गंमत अशी की 'असूडा'चे सुरुवातीचे भाग ज्या 'दीनबंधू'त छापले गेले, ते पत्र तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे चालवत होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या १ जानेवारीला पुण्यात सुरू केलेलं हे पत्र लोखंड्यांनी १८८० पासून मुंबईत हाती घेतलं. याच लोखंड्यांनी १८८४ साली परळला गिरणीतल्या मजुरांच्या सभा भरवल्या आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज त्यांना आपण भारतातल्या कामगार चळवळीचे जनक म्हणतो. म्हणजे त्यांच्याच पत्राच्या स्तंभांत 'कामगार' हा शब्द वरिष्ठांसाठी छापला जात होता. पुढच्या काही दशकांत तो साहेबाच्या खुर्चीवरून उतरून सांच्यावर उभा राहिला. एखाद्या शब्दाची हुद्द्यातली इतकी सरळ घसरण मला दुसरी माहीत नाही. तेव्हा १८९० च्या आधीच्या मजकुरात 'कामगार' दिसला की मी आधी अधिकारी धरतो आणि मजूर ठरवायला पुरावा मागतो.

'राजीनामा' असाच फसवा. फारसीत 'राजी' म्हणजे संमत आणि 'नामा' म्हणजे लेख. तेव्हा राजीनामा हा मुळात संमतिपत्र. कोर्टाच्या बातमीत 'वादी-प्रतिवादींनी राजीनामा दिला' असं असेल तर दोघांनी तडजोड केली, दावा मिटला. महसुलाच्या बातमीत 'अमक्या कुळाने राजीनामा दिला' असेल तर त्याने जमिनीवरचा कब्जा सोडला. नवा घेणारा 'कबुलायत' लिहून द्यायचा. दुष्काळानंतरच्या वर्षांत असे राजीनामे ढिगाने येतात आणि नवशिका संशोधक म्हणतो, एवढे लोक नोकरीत होते तरी कुठे? जमीन सोडण्यावरून पद सोडणं ही पायरी जवळचीच. आजचा अर्थ तिथूनच निघाला असावा असं मला वाटतं, कारण दोन्हीकडे 'स्वखुशीने सोडत आहे' हीच भाषा असते.

'मजकूर' हा अरबी शब्द. त्याचा अर्थ 'उल्लेख केलेला'. 'मौजे मजकूर', 'साल मजकूर', 'इसम मजकूर' या ठिकाणी तो 'सदरहू' सारखा वाचायचा: वर सांगितलेलं गाव, वर सांगितलेलं साल, वर सांगितलेला माणूस. 'छापायचा मजकूर' हा अर्थही जुना आहे, पण कायदेशीर जाहिरातीत तो लावलात तर गोंधळ होतो. 'तक्रार'ही अरबी. तिथे अर्थ पुन्हा पुन्हा म्हणणं असा. मराठीत आल्यावर आधी वाद, हुज्जत आणि मग गाऱ्हाणं.

आता खुद्द बातमीच्या धंद्यातले शब्द. 'वर्तमानपत्र' मधलं 'वर्तमान' म्हणजे भूत-भविष्याच्या मधला काळ नव्हे. पेशवाईतल्या पत्रांत 'इकडील वर्तमान' म्हणजे इकडची हकीकत, इकडची खबर. त्यामुळे १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं तेव्हा या प्रकारच्या छापील कागदाला नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. 'अखबार' हे अरबी 'खबर'चं अनेकवचन. छापखान्याच्या आधी हस्तलिखित अखबार दरबारांतून फिरत आणि ते लिहिणारा अखबारनवीस. मुंबईत १८४० साली 'मुंबई अखबार' निघालं ते हा जुना शब्द घेऊनच. 'बातमीदार' तर थेट हेरखात्यातला माणूस. शत्रूच्या गोटातली बातमी काढून आणणारा तो बातमीदार, आणि ती घेऊन धावणारा तो जासूद. मराठी दप्तरांत 'जासूदजोडी' सारखी भेटते. ते टपाल नेणारे दोघे जण असतात. चित्रपटातले गुप्तहेर समजू नका. छापील पत्रांच्या काळात बातमीदार उजेडात आला आणि जासूद अंधारात गेला. संपादकाला मात्र बरीच वर्षं 'कर्ते' म्हणत. 'ज्ञानप्रकाश' पत्रात वाचकांची पत्रं 'ज्ञानप्रकाशकर्ते यांस' अशी सुरू होतात. 'काळ' पत्राच्या शिवराम महादेव परांजप्यांना आपण आजही 'काळकर्ते' म्हणतो, ते याच रिवाजाने.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या शब्दापाशी घालवला तो 'बहिष्कार'. त्याला समजून घ्यायचं तर आधी 'ग्रामण्य' कळलं पाहिजे, आणि हा शब्द मात्र खरोखरच विसरला गेलाय. ग्रामण्य म्हणजे जातीत उठलेला धर्माचाराचा तंटा: कोण कोणाबरोबर जेवला, कोण परदेशी जाऊन आला, कोणाला कोणते विधी करण्याचा अधिकार आहे. तंटा पेटला की एक पक्ष दुसऱ्याला वाळीत टाकी. तो बहिष्कार. मग शास्त्री, शंकराचार्य, प्रायश्चित्त, तडजोड असा क्रम. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यात महादेव गोविंद रानडे होते, टिळकही होते. हजर असलेल्यांची नावं 'पुणेवैभव' पत्रात छापून आली आणि मोठं ग्रामण्य उभं राहिलं. त्या दोन वर्षांतली पुण्याची पत्रं वाचताना 'बहिष्कार', 'पंक्तिव्यवहार', 'शुद्धी' हे शब्द या एकाच अर्थाने वाचायचे.

मग १९०५ उजाडतं. वंगभंगाच्या विरोधात विलायती मालावर 'बॉयकॉट' पुकारला जातो. हा इंग्रजी शब्दही तेव्हा उणापुरा पंचवीस वर्षांचा. १८८० साली आयर्लंडमधल्या कुळांनी बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला वाळीत टाकलं, त्यावरून आलेला. त्याला मराठीत 'बहिष्कार' योजला गेला आणि तो चपखल बसला, कारण मूळ आयरिश प्रकारही वाळीत टाकण्याचाच होता. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण ही टिळकांची चतुःसूत्री झाली. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्यावर जातीचा बहिष्कार पडला होता तेच आता मँचेस्टरच्या कापडावर बहिष्कार घालायला सांगत होते. शब्द तोच, पण दंड करणारे आणि दंड भोगणारे यांच्या जागा पार बदललेल्या.

आणि तिसरा अर्थ. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली आणि १९२७ च्या ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' काढलं. इथला बहिष्कार कोणत्या ग्रामण्यातून उद्भवलेला नाही, प्रायश्चित्ताने सुटणारा नाही आणि कोणी ठराव करून घातलेलाही नाही. तो जन्मानेच चिकटवलेला. ग्रामण्यातला बहिष्कृत हा आतून बाहेर काढलेला माणूस असे; या मथळ्यातला भारत मुळात कधी आत घेतलाच गेला नव्हता. माझ्या मते मराठी पत्रांच्या नावांमध्ये एवढा विचार करून निवडलेला शब्द क्वचितच सापडेल. १८९०, १९०५ आणि १९२७ अशा तीन तारखांची कात्रणं शेजारी ठेवा. कोशातल्या नोंदीपेक्षा ती जास्त सांगतात.

याला जोडूनच 'भ्रष्टाचार'. आज तो पैशाचा. एकोणिसाव्या शतकात तो आचाराचा: शास्त्राने, जातीने सांगितलेल्या आचारापासून ढळणं, निषिद्ध खाणं-पिणं. मिशनऱ्याच्या हातचा चहा हा त्या अर्थाने भ्रष्टाचार. उलट १८८८ च्या क्रॉफर्ड प्रकरणात मामलेदारांकडून पैसे उकळल्याचा आरोप कमिशनरवर आला, त्याला शब्द 'लाच'. तेव्हा जुन्या पत्रात 'शहरात भ्रष्टाचार माजला' असं दिसलं तर नगरपालिकेचे हिशोब शोधू नका, हॉटेलं शोधा.

लढाईच्या मैदानातून राजकारणात आलेले शब्द पुष्कळ आहेत. 'मोर्चा' हा फारसीतून आलेला, किल्ल्याला वेढा घालताना तोफांसाठी बांधलेली आडोशाची जागा. मोर्चे 'बांधत', 'लावत', 'उठवत'. ते चालत नसत. आज तो मंत्रालयावर चालून जातो, आणि जुना अर्थ फक्त 'मोर्चेबांधणी'त राहिलाय. 'कंपू' पोर्तुगीज 'कांपु' म्हणजे छावणीवरून आला. महादजी शिंद्यांनी द बॉईन या युरोपियन सेनानीकडून कवायती पायदळाच्या पलटणी तयार करून घेतल्या, त्या शिंद्यांचे कंपू. आज कंपू म्हणजे साहित्य संमेलनातली टोळी. कवायत अर्थातच नाही. 'गारदी', 'पलटण', 'काडतूस', 'आरमार' हे सगळे युरोपीय भाषांतून सैन्याबरोबर आले. १९०५ नंतरच्या 'जहाल' आणि 'मवाळ' या जोडीचा मात्र फौजेशी संबंध नाही. जहाल हे विष, औषध, तंबाखू. मवाळ हा भात किंवा भाकरी. सुरतेच्या १९०७ च्या काँग्रेसमध्ये दोन्ही पक्ष एकमेकांवर धावून गेले तेव्हा स्वयंपाकघरातली विशेषणं कायमची राजकारणाची झाली.

'त्रागा' या शब्दाचा उतार तर वाईट वाटावा असा आहे. आज त्रागा म्हणजे आदळआपट, चिडचिड. पूर्वी त्रागा करणं म्हणजे समोरच्याने न्याय द्यावा किंवा पैसे परत करावेत म्हणून त्याच्या दारात स्वतःला जखम करून घेणं, प्रसंगी जीव देणं, आणि ते पाप त्याच्या माथी मारणं. त्याची सौम्य बहीण 'धरणे'. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे आणि त्यालाही जेवू देत नसे. इंग्रज सरकारला हा प्रकार इतका खुपला की १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०८ खाली, दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याचं उदाहरण म्हणून दारात धरणं धरून बसलेला माणूसच दिलेला होता. त्यामुळे १८७० च्या आसपासच्या बातमीत 'धरणे धरल्यावरून कैद' असं वाचलंत तर ते राजकीय आंदोलन नव्हे, उधारीचा तगादा आहे.

आता ज्या शब्दांवर खरंच अडायला होतं ते. परदेशांच्या बातम्यांत 'वलंदेज' म्हणजे डच (पोर्तुगीज 'ओलांदेश'वरून), 'फरासिस' म्हणजे फ्रेंच, आणि 'डिंगमार' म्हणजे डेन्मार्कवाले. हे तिघंही रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात 'टोपीकर' (टोपी घालणारे, म्हणजे युरोपियन) म्हणून एका रांगेत बसलेले आहेत. 'रूम' म्हणजे तुर्कस्तान; पूर्व रोमन साम्राज्याचं नाव त्याच्या वारसदाराला चिकटलं. 'शाम' म्हणजे सीरिया, 'मिसर' म्हणजे इजिप्त. 'विलायत' हा अरबी शब्द प्रांत, मुलूख या अर्थाचा; पुढे तो एकट्या इंग्लंडचा झाला आणि मग कोणत्याही परक्या मालाचा, त्यामुळे अमेरिकेतून आलेलं झाडही 'विलायती चिंच'. 'हिंदुस्थान' हा यांतला सर्वांत चकवणारा. पेशवाईच्या पत्रव्यवहारात तो बहुधा नर्मदेपलीकडचा मुलूख असतो आणि पुण्याहून फौज 'हिंदुस्थानात' जाते. म्हणूनच उत्तरेकडून आलेला शिपाई पुण्यात 'परदेशी' ठरे.

रोगांची नावं वेगळ्याच वाटेने फिरली. पटकी, जरीमरी, मोडशी, महामारी ही नावं कॉलऱ्याच्या बातम्यांत येतात, पण नेहमी एकाच रोगासाठी नाही. जरीमरी ही साथीची देवीही आहे, आणि मोडशी म्हणजे कधी साधं अपचन. तरी मोडशीचा प्रवास सांगायलाच हवा. गोव्यात पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात या रोगाचं वर्णन आहे. पोर्तुगीज तोंडात तो 'मोर्देशीं' झाला, आणि फ्रेंचांनी तो ऐकून आपल्या भाषेत अर्थ लावला: 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याचं मरण! कोकणातलं पोट बिघडणं युरोपच्या वैद्यकग्रंथांत कुत्र्याच्या मरणाने वावरलं. त्याच पोर्तुगीज वाटेने 'पगार', 'लिलाव' आणि 'नाताळ' आले, पण ते इतके रुळले की कोणाला परके वाटत नाहीत.

वाफेच्या यंत्रांना मराठीने आगीचं नाव दिलं: आगबोट, आगगाडी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा बघ्यांना दिसला तो धूर आणि जाळ, वाफ आतली. प्लॅटफॉर्मचा 'फलाट' झाला आणि टिकला, स्टेशनचं 'ठेसन' मात्र छापील भाषेने हाकलून लावलं.

नावांआधीच्या संक्षेपांकडेही लक्ष ठेवा. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजेश्री, 'वे. शा. सं.' म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी, हे विधवेच्या नावाआधी. 'मे.' म्हणजे मेहेरबान, सहसा साहेबलोकांसाठी. 'मे. कलेक्टर' हे वाचून कोणी मेसर्स समजून व्यापारी पेढी शोधायला लागलं तर त्याचा दोष नाही, पण वेळ जातो.

शोधायचं कसं? पहिला नियम: शब्द ज्या काळातला, कोश त्या काळाचा. एकोणिसाव्या शतकासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा पहिला आणि १८५७ चा वाढवलेला. साधारण साठ हजार शब्द आहेत आणि तो संगणकावर फुकट पाहता येतो. त्यानंतर दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत निघालेला; त्यात प्रयोगांची उदाहरणं आहेत, ती वाचा, नुसता अर्थ उतरवू नका. आजच्या शालेय कोशात हे शब्द शोधण्यात अर्थ नाही. १८३२ ते १८४० मधला मजकूर असेल तर 'दर्पण'सारखी दुसरी सोय नाही, कारण त्यात इंग्रजी आणि मराठी स्तंभ शेजारी-शेजारी असत. जांभेकरांनी कोणत्या कल्पनेला कोणता शब्द वापरला ते तिथेच कळतं.

दुसरं, शुद्धलेखन. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम येईपर्यंत 'नाहीं', 'कीं', 'होतें' हे अनुस्वार छापले जात. संगणकावर शोधताना ते घातले नाहीत तर शब्द सापडत नाही. इंग्रजी शब्दांतला ॲ तेव्हा नव्हता, म्हणून 'ब्यांक', 'ग्यास', 'म्याजिस्ट्रेट' असे शोधा.

तिसरं, तारीख नसलेलं कात्रण. त्यात 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर', 'बोलपट' असे शब्द असतील तर ते बहुधा सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या मोहिमेनंतरचं, म्हणजे १९२० च्या दशकाच्या अलीकडचं. 'तारीख', 'नंबर' यांवरून मात्र उलटा निष्कर्ष काढू नका. ते शब्द कधी गेलेच नाहीत. फाउंटन पेनला सुचवलेलं 'झरणी' कुठे दिसलं तर लेखक त्या मोहिमेचा कट्टर पाईक होता एवढं निश्चित.

चौथं, गोड व्युत्पत्तींपासून लांब राहा. 'खबर' उलटून 'बखर' झाली हे इतकं ठाशीव सांगितलं जातं की लोक पुरावा मागत नाहीत. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. शब्दाचं मूळ सांगता आलं नाही तरी चालतं. त्या तारखेला, त्या पत्रात त्याचा अर्थ काय होता हे सांगता आलं पाहिजे.

आणि कोशाने दोन अर्थ दिले तर क्रियापद पाहा. 'नाटकशाळा' हा त्यासाठी माझा नेहमीचा नमुना. जुन्या कागदांत तो बहुतेक वेळा माणसाला लावलेला शब्द आहे: नाचगाणं करणारी, पदरी ठेवलेली बाई. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक केलं, पुढे मुंबईत नाटकगृहं उभी राहिली आणि हाच शब्द इमारतीलाही लागू लागला. काही वर्षं दोन्ही अर्थ एकाच शहरात नांदत होते. सरदार नाटकशाळे'त' गेला असेल तर तिकीट काढून गेला. त्याने नाटकशाळा 'ठेवली' असेल, तर पुढच्या पिढीतल्या वारसाच्या दाव्याची बातमी त्याच पत्रात शोधा, बहुधा सापडेल.